आज काय ठरलं?

संध्याकाळी आबा घरी आले की उंबऱ्याबाहेर वहाणा काढायचे, मोरीत हातपाय धुवायचे, टोपी खुंटीला अडकवायचे आणि पाटावर येऊन बसायचे. आज्जी चुलीपुढची उठायची नाही. तव्यावरची भाकर उलथताना, मान न वळवताच ती विचारायची, "आज काय ठरलं?"

आबा पुणे नगरपालिकेत कारकून होते. पुढं १९५० साली, १५ फेब्रुवारीला, नगरपालिकेची महानगरपालिका झाली. पण आज्जीच्या तोंडी शेवटपर्यंत 'मुनशिपाल्टी'च राहिली. आबांचं काम सभेचं. ठराव कुणी मांडला, अनुमोदन कुणी दिलं, उपसूचना कुणाची, बाजूनं किती, विरुद्ध किती, हे टिपून घ्यायचं आणि मग स्वच्छ अक्षरात उतरवायचं. आज्जीला अक्षरओळख नव्हती. पण गल्लीतला दिवा, कोपऱ्यावरचा नळ, मंडईतला गाळा, सगळं त्या सभेत ठरतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि जे ठरलं ते आपल्याला कळलंच पाहिजे, असं तिला वाटायचं. ते कळल्याखेरीज ती आबांच्या ताटात भाकर टाकत नसे, असं माझी आत्या सांगायची. मी काही तसं पाहिलेलं नाही. मला आठवते ती हुलग्याची शेंगोळी, लसणाच्या चटणीचा वास, आणि जेवता जेवता आबांनी सांगितलेली सभा.

ती सभा मग आमच्या स्वयंपाकघरात पुन्हा भरायची. आबा म्हणायचे, "रस्ता रुंद करायचा विषय होता, तहकूब झाला." आज्जी म्हणायची, "का म्हून?" आबा दोन्ही बाजू सांगायचे. आपलं मत ते सांगत नसत. सभेच्या कारकुनाला मत नसतं, असा त्यांचा नेम. आज्जीचा असा काही नेम नव्हता. माझ्या धाकट्या भावाला बरीच वर्षं वाटायचं की 'तहकूब' हे कुणातरी सभासदाचं नाव आहे आणि तो फार त्रासदायक माणूस असावा. कारण त्याचं नाव निघालं की आबा उसासा टाकायचे.

आबा नोकरीला लागले ते १९३० च्या सुमारास. त्याच साली नगरपालिकेनं विश्रामबागवाडा घेतला आणि पुढं जवळजवळ तीस वर्षं तिथून शहराचा कारभार चालला. दुसऱ्या बाजीरावानं बांधलेला हा वाडा १८०८ साली पुरा झाला. दहा वर्षांत पेशवाई बुडाली. मग तिथं १८२१ साली संस्कृत पाठशाळा आली, नंतर काय काय आलं आणि गेलं, आणि शेवटी घरपट्टी नि पाणीपट्टी आली. लहानपणी एकदोनदा आत्याचं बोट धरून मी आबांचा विसरलेला डबा द्यायला तिथं गेले आहे. सागवानी सुरूदार खांब, जिन्यावरचा अंधार, आणि कागदांना येतो तसा थोडा शिळा, थोडा गोड वास. आबा एका उतरत्या मेजावर वाकून बसलेले. बोटाला शाई. मला बघून हसले, पण बोलले नाहीत. ओळ अर्धी होती.

आज्जीला त्या वाड्याचं फार अप्रूप. "बाजीरावाच्या वाड्यात आमचा मानूस लिवाया बसतो," असं ती माहेरी सासवडला सांगायची. हे वाक्य समजायला मला मोठं व्हावं लागलं. आबांचे वडील माळी. डोक्यावर माळव्याची पाटी घेऊन पेठांतून फिरणारे. त्यांना सही येत नव्हती. मुलाला शाळेत घालायचं त्यांच्या मनात कसं आलं, याच्या घरात दोन गोष्टी होत्या. एक अशी की त्यांनी सत्यशोधकांचा जलसा ऐकला आणि त्याच रात्री घरी येऊन सांगितलं, "पोरगा उद्यापास्नं शाळंत." दुसरी अशी की एका सावकारानं दहाच्या जागी तीस लिहून अंगठा घेतला, आणि तो अंगठा फेडताना त्यांना अक्षराची किंमत कळली. दोन्ही खऱ्या असतील. आबांना विचारलं तर ते म्हणायचे, "मी सहा वर्षांचा होतो, मला पाटीवरचा ओला पेन्सिलीचा वास तेवढा आठवतो."

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं सांगायला घेतलं, ती.

महात्मा जोतीराव फुले पुण्याच्या नगरपालिकेत होते, हे आमच्या घरात फार अभिमानानं सांगितलं जायचं. फुल्यांचं घराणं मूळचं साताऱ्याकडच्या कटगुणचं, तिथून पुरंदरातल्या खानवडीला आलेलं. आणि आज्जी पुरंदरची. त्यामुळं ती त्यांच्याविषयी बोलायची ती चुलत्याविषयी बोलावं तशी. तिची गोष्ट अशी: लाटसाहेब पुण्यात यायचे होते. मुनशिपाल्टीतल्या मोठमोठ्या लोकांनी ठरवलं की कमानी उभारायच्या, पताका लावायच्या, हजार रुपये खर्च करायचे. सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात दारातून जोतीराव आले. खांद्यावर घोंगडी, डोक्याला फाटकं मुंडासं. ते मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, "गरिबाच्या पोराला शाळा न्हाई, आन् तुम्ही बांबूला कापड गुंडाळताय?" आणि सगळी सभा खाली बघायला लागली.

इथं आबा घास हातातच ठेवायचे. "घोंगडीची गोष्ट वेगळी," म्हणायचे. "ती १८८८ ची. ड्यूक ऑफ कॅनॉटच्या मेजवानीला जोतीराव शेतकऱ्याच्या वेशात गेले होते, हरी रावजी चिपळूणकरांकडं. सभेतली गोष्ट त्याच्या आधीची." मग ते आपली गोष्ट सांगायचे. ती अगदी कोरडी असायची. जोतीराव १८७६ ते १८८२ या काळात नगरपालिकेचे सभासद होते, सरकारनं नेमलेले. व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी हजार रुपये मंजूर करावेत असा विषय आला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करावा, असं त्यांनी सुचवलं. सभासद बत्तीस. विरुद्ध मत एक.

"एवढंच?" आम्ही पोरं हिरमुसून विचारायचो.

"एवढंच."

आज्जीची गोष्ट ऐकायला छान होती. पण जसजशी मी मोठी झाले, तसतशी आबांची गोष्ट मला जास्त धरून ठेवायला लागली. घोंगडी नाही, मुंडासं नाही, भाषण नाही. एकतीस माणसं एका बाजूला, आणि एक माणूस बसल्या जागी 'नाही' म्हणतोय. ठराव अर्थातच मंजूर झाला असणार. कमानी उभ्या राहिल्या असतील, पताका फडफडल्या असतील, आणि आठ दिवसांनी काढूनही टाकल्या असतील. उरलं काय, तर ते एक मत.

आबा म्हणायचे, "बाळ, ते मत उरलं, कारण कुण्या कारकुनानं ते लिहिलं."

"कोण होता तो?"

"कारकुनाचं नाव नसतं त्यात."

हे बोलताना त्यांच्या आवाजात खंत नसायची. उलट, तो अनाम कारकून त्यांना आपला पूर्वज वाटत असावा. तो मंजूर ठराव लिहून मोकळा झाला असता, तर फुल्यांचं 'नाही' त्या सभेच्या भिंतींतच विरलं असतं. म्हणून आबांचा एक शिरस्ता होता. सभेत कितीही गदारोळ होवो, विरुद्ध मत देणाऱ्याचं नाव ते आधी टिपून ठेवायचे. बाजूनं असणाऱ्यांची नावं मागाहून. "बाजूनं असलेल्यांचं काम तर होणारच असतं," ते म्हणायचे. "जो हरला, त्याच्यापाशी कागदाशिवाय दुसरं काय आहे?"

फुल्यांनी दारूच्या दुकानांना विरोध केला होता, तेही आबा सांगायचे. शहरात दुकानं वाढताहेत, त्यानं घरं बुडताहेत, असं त्यांनी १८८० साली नगरपालिकेला कळवलं होतं. ही गोष्ट निघाली की आज्जी गप्प व्हायची. तिच्या माहेरी एक चुलते दारूपायी गेले होते. त्यांचं नाव घरात घेत नसत.

आणि मग मंडई. मंडईचं सांगितल्याशिवाय आमच्या घराचं काहीच सांगून होत नाही. आमचं घर शुक्रवार पेठेत, मंडईपासून हाकेच्या अंतरावर. पहाटे बैलगाड्यांच्या घुंगरांनी जाग यायची, नंतर टेम्पोच्या भोंग्यांनी. मंडईची ती अष्टकोनी मनोऱ्याची दगडी इमारत १८८६ साली उघडली, तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावानं. रे मार्केट. त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या उघड्या मैदानात भरायचा. आज्जीचा आज्जा तिथं सासवडकडचा घेवडा, वांगी, दिवसात अंजीर नि सीताफळं घेऊन बसायचा. वर आभाळ, खाली पोतं. त्याला नव्या इमारतीत जायचं नव्हतं म्हणे. उघड्यावर बसायला फार काही लागत नाही. छताखाली बसायचं तर गाळ्याचं भाडं आलं. "दगडाच्या घरात माळवं सुकतंय," असं तो म्हणायचा, असं आज्जी म्हणायची. दगडी छपराखाली माळवं खरं तर कमी सुकत असेल. पण भाड्याला घाबरलेला माणूस काहीतरी दुसरंच कारण सांगतो, हे मी माझ्याही घरात पाहिलं आहे.

या इमारतीवर एवढा पैसा घालायला जोतीरावांचाही विरोध होता. त्यांचं म्हणणं तेच: आधी शाळा. इमारत झाली. भव्य झाली, अजून उभी आहे, आणि त्या छपराखाली आज्जीच्या माहेरच्या तीन पिढ्यांनी पोटं भरली. मग जोतीराव चुकले का? हा प्रश्न मी एकदा आबांना विचारला होता. मी तेव्हा कॉलेजात होते आणि प्रश्न विचारायची मला हौस होती. आबा बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "मंडई झाली ते बरंच झालं. पण मी शाळेत गेलो, तो मंडईमुळं नाही गेलो."

१९३० च्या दशकाच्या अखेरीस आचार्य अत्रे नगरपालिकेत निवडून आले. त्यांच्या आग्रहानं रे मार्केटची महात्मा फुले मंडई झाली. भांबुर्ड्याचं शिवाजीनगर झालं, तेही त्याच सुमारास. नगरपालिकेच्या वाड्यात अत्र्यांचा आवाज कसा घुमायचा, याची नक्कल आबा करायचे, आणि आमचे गंभीर आबा त्या वेळी ओळखू यायचे नाहीत. त्या नामकरणाच्या ठरावाची स्वच्छ प्रत आबांनी लिहिली, असं आमच्या घरात मानतात. आबांनी तसं स्वतः कधी सांगितलं नाही. ऑफिसात सभेचे दोन कारकून होते, आणि त्या दिवशी लेखणी कुणाच्या हातात होती ते आता कोण सांगणार? पण आत्या मात्र शपथेवर सांगायची की त्या रात्री आबा उशिरा आले, हात धुतला नाही, आणि शाईच्या बोटांनीच जेवले.

ज्या इमारतीला जोतीरावांनी विरोध केला तिलाच त्यांचं नाव दिलं, याचं काहींना नवल वाटतं. मला ते शहराचं शहाणपण वाटतं. जो विरुद्ध बोलला, त्याचं बोलणं आम्ही विसरलो नाही, असं त्या दगडावर लिहिल्यासारखं. आणि त्याच मंडईसमोर लोकमान्यांचा पुतळा आहे, १९२४ साली मोतीलाल नेहरूंच्या हस्ते उघडलेला. दोघांची मतं किती ठिकाणी जुळली नसती! आज्जी मंडईत जाताना दोन्हीकडं हात जोडायची. तिला त्यात काही अडचण नव्हती.

लोकमान्यांवरून आठवलं. मुलींच्या शिक्षणाची गोष्ट राहिली.

मुंबई इलाख्यात १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांच्या खटपटीनं प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. नगरपालिकांना आपल्या हद्दीत शिक्षण सक्तीचं करता येईल, असा. पुण्यात मग वाद पेटला: सक्ती मुलांनाच, की मुलींनाही? पैसा थोडा आहे, तेव्हा आधी मुलं, मुलींचं मागून बघू, असा एक मोठा पक्ष होता. लोकमान्य त्या बाजूला होते. दुसऱ्या बाजूनं रमाबाई रानडे उभ्या राहिल्या. १९२० साली बायकांनी मुलींच्या सक्तीच्या शिक्षणासाठी पुण्यात मिरवणूक काढली. बायका रस्त्यावरून, उन्हातून, आपल्या लेकींच्या शाळेसाठी चालल्या.

आबांची धाकटी बहीण तेव्हा सातएक वर्षांची. आम्ही तिला आत्याआजी म्हणायचो. ती सांगायची, "मी बघितली ना मिरवणूक! कुणाच्यातरी खांद्यावर बसून बघितली. पांढऱ्या लुगड्यातल्या रमाबाई बघितल्या." आबा म्हणायचे, "तू त्या दिवशी गोवरानं अंथरुणात होतीस." यावर दोघं म्हातारपणीसुद्धा भांडायची, अगदी दातांच्या कवळ्या निसटेपर्यंत. मला वाटतं आत्याआजीनं मिरवणूक पाहिली नसावी. रस्त्यावरून गेलेल्या बायकांची गोष्ट कुणीतरी अंथरुणाशी बसून तिला सांगितली असावी, आणि तापात तिनं ती पाहिली असावी. पण ती शाळेत गेली, हे खरं. थोरल्या बहिणीला दुसरीतून काढली होती. धाकटीला नाही काढली. ती सातवी पास झाली, आणि पुढं कितीतरी वर्षं गल्लीतल्या बायकांची माहेरची पत्रं तीच वाचून दाखवायची. आज्जीचीही.

आज्जीला नगरपालिकेच्या पैशाबद्दल फार जिव्हाळा होता. तो कुठून येतो, हे तिला आबांनी नीट समजावलं होतं: घरपट्टी, पाणीपट्टी आणि जकात. एकदा सासवडहून आम्ही दोघी एसटीनं येत होतो. दिवे घाट उतरून हडपसरच्या बाजूनं शहरात शिरताना जकातनाका लागला. आज्जीच्या पिशवीत घरच्या तुपाचा डबा होता. जकातीचा माणूस डोकावला, म्हणाला, "आजीबाई, घरचंच ना? राहू द्या." आज्जी उतरली. "किती व्हत्यात सांग," म्हणाली. त्यानं नको नको म्हटलं, गाडीतली माणसं कटकट करायला लागली, तरी ही हटेना. किती पैसे दिले ते आठवत नाही, चार आणे असतील. पावती मात्र तिनं मागून घेतली आणि कनवटीला खोचली. गाडीत बसल्यावर मला म्हणाली, "आपल्या गल्लीतला दिवा यातनंच पेटतो." आमच्या गल्लीतला दिवा विजेचा होता, पण तिच्या लहानपणी संध्याकाळी खांद्यावर शिडी घेऊन येणारा, काच पुसून रॉकेल घालणारा माणूस होता, तिच्या मनात दिवा अजून तोच पेटवत होता. ती जकात पुण्यातून २०१३ साली गेली. नाके ओस पडले. मी त्या रस्त्यानं गेले की अजून माझा हात नकळत पिशवीकडं जातो.

आबा घरातही एक वही ठेवत. लांबट, लाल कापडी बांधणीची, हिशेबाची असते तशी. त्यात घरचे ठराव. कुणाला हसू येईल, पण आबा हे अगदी मनापासून करायचे. 'थोरल्याच्या लग्नास कर्ज काढू नये. सर्वानुमते.' 'नळ घरात घ्यावा. बहुमताने.' 'गाय विकावी. सौ.चा विरोध.' ऑफिसात करायचे तेच घरात. घरात आज्जीला नावानं कुणी हाक मारत नसे. ती कुणाची आई, कुणाची वहिनी, कुणाची सून. वहीतही आधी 'सौ.' असंच यायचं. पुढं एका पानापासून ते बदललं आणि तिथं तिचं पुरं नाव यायला लागलं. तिनं सांगितलं की त्यांना आपणहून सुचलं, ते मला माहीत नाही.

त्या वहीत १९५८ सालची एक नोंद आहे. आमच्या वाड्यात मागच्या अंगणात एक आड होता. घरात नळ आल्यावर त्याचा वापर सुटला होता. डास फार व्हायचे, वर पोरांची भीती. तो बुजवून वर फरशी घालावी, असं माझ्या वडिलांनी आणि काकांनी ठरवलं. आबाही त्याच मताचे. आज्जी एकटी नको म्हणाली. तिचं कारण फार पटण्यासारखं नव्हतं. "पानी बुजवू ने," एवढंच. कात्रजच्या तळ्याचं पाणी नानासाहेब पेशव्यांच्या काळी नळांतून शहरात आणून हौदांत खेळवलं, त्या पाण्याचा झरा आपल्या आडाला आहे, असा तिचा समज. तो समजच असावा. शिवाय जोतीरावांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुला केला होता, ती गोष्ट सांगून ती म्हणायची, "त्यांनी हौद उघडला, आन् तुम्ही आड झाकताय?" या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय, हे काकांना कळलं नाही. वहीत लिहिलं आहे: 'आड बुजवावा. तिघे बाजूने. विरुद्ध एक.' त्यापुढं आज्जीचं पुरं नाव. आणि खाली, वेगळ्या शाईत: 'खर्चाअभावी तूर्त तहकूब.'

१२ जुलै १९६१. पुण्यात ज्यांचं वय आहे, त्यांना ही तारीख सांगावी लागत नाही. मी अकरा वर्षांची होते. पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही. आमच्या गल्लीपर्यंत पाणी आलं नाही, पण माणसं आली. नारायण पेठेतले, शनिवारातले, भिजलेले, चिखलानं माखलेले, कुणाच्या हातात देव, कुणाच्या हातात कोंबडी. नात्यातली होती, आणि नात्यातली नसलेलीही. आज्जीनं परातीत पीठ घेतलं आणि ती दोन दिवस भाकऱ्या थापत राहिली. पिठलं आणि भाकर, पिठलं आणि भाकर. दुसऱ्या दिवशी पुन्हा "पाणी आलं, पाणी आलं" अशी आवई उठली, आणि माणसं पर्वतीकडं धावत सुटली. आज्जी जागची हलली नाही. आबा तीन दिवस घरी आले नाहीत; ऑफिसात होते.

शहर पाण्यानं वाहून गेलं होतं आणि शहराला प्यायला पाणी नव्हतं. खडकवासलाच फुटलेलं, नळ कोरडे. तेव्हा काकांनी मागच्या अंगणातल्या आडावरच्या फळ्या काढल्या, माळ्यावरून रहाट उतरवला, पोहरा शोधला. पहिले काही पोहरे गाळाचे आले, मग पाणी स्वच्छ होत गेलं. दुपारपर्यंत बोळात रांग लागली. हंडे, कळश्या, बादल्या, एकीच्या हातात तर चहाचं भांडं. आज्जी ओसरीत बसून राहिली. पाण्याला येणाऱ्याला कुणाचा कोण, कुठल्या आळीतला, काही विचारायचं नाही, एवढं तिनं काकांना बजावलं होतं. तिच्या मनात १८६८ चा हौद आणि १९६१ चा आड यांचा संबंध आधीपासूनच होता. आम्हाला तो त्या दिवशी कळला.

मार्च २०२२ मध्ये पुण्याच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढं काही वर्षं निवडणूकच झाली नाही. कारभार प्रशासकाकडं होता. कामं होत होती, रस्ते होत होते, अंदाजपत्रकं मांडली जात होती. मला त्या वर्षांत सारखी हुरहुर वाटायची, आणि कसली ते नीट सांगता यायचं नाही. मग एका रात्री भाकरी करताना लक्षात आलं. सभागृहात कुणी बसलेलंच नाही, तर विरुद्ध मत देणार कोण? आणि ते लिहून घेणार कोण? आज्जी असती तर तिनं विचारलं असतं, आज काय ठरलं. आणि आबांना सांगायला दोन बाजू नसत्या. एकच असती.

नगरसेवक भांडतात, वेळ घालवतात, असं लोक म्हणतात. घालवत असतीलही. पण आज आपण जो नळ सोडतो, ज्या दिव्याखालून जातो, ज्या शाळेत नातवंडं घालतो, त्या प्रत्येकापायी कुणीतरी कधीतरी सभेत भांडलेलं आहे. आपल्याला ते भांडण ठाऊक नसतं, म्हणून नळ आपोआप आला असं वाटतं. आमच्या घरात तसं वाटायची सोय नव्हती.

पुराच्या चौथ्या दिवशी आबा घरी आले. पांढरे कपडे मातीचे झालेले, डोळे लाल. उंबऱ्याबाहेर वहाणा काढल्या, मोरीपाशी गेले, आणि अंगणातली रांग बघून तिथंच उभे राहिले. मग हात धुतले, आणि जेवायला न बसता कपाटातून लाल वही काढली. कंदिलाशी बसून त्यांनी काहीतरी लिहिलं. तोवर आज्जीनं ताट मांडलं होतं.

"काय लिवलंत?" तिनं विचारलं.

आबांनी वाचून दाखवलं: 'आडाचा विषय कायमचा निकाली. आड राहील.'

"आन् माझं? त्ये मागचं?"

आबांनी तीन वर्षांमागचं पान उलटून काढलं आणि वही तिच्यापुढं धरली. "हे तुझं नाव." आज्जीनं पदराला हात पुसला आणि त्या अक्षरांवरून बोट फिरवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, सावकाश.

"एवढंच व्हय?"

"एवढंच," आबा म्हणाले.

तिनं वही मिटून त्यांच्या हातात दिली, आणि भाकर वाढली.